सहाव्या फेरीतली बरोबरी

एलिसेओ बारांको हा गडी मेक्सिकोतल्या कुठल्या गावचा, ते गाव डोंगरात हाय का सपाटीला, मला ठावं न्हाय. पण त्याची बॉक्सिंगची कारकीर्द मला तोंडपाठ हाय. अडतीस लढती. तेहतीस जिंकल्या, पाच हरल्या. जिंकलेल्यातल्या चोवीस समोरच्याला आडवा पाडून. अन् एक, नुस्ती एकच, समोरचा बाद ठरवला म्हणून. विसावी लढत, दुबई, सहावी फेरी. मोबाईलवर त्याचं नाव टाकलं की सगळी यादी येती, अन् त्या एका ओळीपुढं कारण लिवलंय: समोरच्याच्या कोपऱ्यातला माणूस आत आला.

तो कोपऱ्यातला माणूस म्हंजे मी. लिंबाजी, अणदूरच्या तालमीचा वस्ताद. हसायचं तर हसून घ्या. सगळ्या जगानं हसून घेतलंय, तुमीच कशाला मागं राहता.

चाळीस वर्षं म्या पोरांना कुस्ती शिकवली. नागसेन त्यातलाच. आई भिमाबाई अंगणवाडीत मदतनीस, बाप श्रीपती ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. पोरगं नवव्या वर्षी तालमीत आलं अन् चौदाव्या वर्षी माझ्या डोक्याला टेकलं. नुस्ती शेवग्याची शेंग. असला गडी कुस्तीत घावतो, लांब पाय धरायला सोपं. पण हात बघावं तर त्याचं. म्याच त्याला म्हणलं, "लेका, तू मातीतला न्हाईस. तुझं हात लांबनं मारायचं हायत." पुण्याला कृष्णराज सर म्हणून बॉक्सिंगचे मास्तर व्हते, वळखीनं त्यांच्याकडं धाडला. म्हंजे पुढं जे झालं त्याचं खापर पहिल्यापासनं माझ्याच डोक्यावर फुटायचं व्हतं.

पोरानं नाव काढलं. अकरा लढती खेळला, नऊ जिंकला. मग दुबईचं बोलावणं आलं. तिथं हा बारांको लढणार व्हता. चोवीस वर्षांचा, एकोणीसच्या एकोणीस जिंकलेला. त्याच्यासमोर ठरलेला गडी आजारी पडला अन् आयत्या वक्ताला आमच्या नागसेनचा नंबर लागला. आठ फेऱ्यांची लढत. तिथं जिंकायचं स्वप्न कुणी बघितलंच न्हवतं. पण आठच्या आठ फेऱ्या पायावर उभा राहिला तर पुढं मोठ्या लढती मिळतील, असा सरांचा हिशोब.

कोपऱ्यात पाणी पाजायला, जखम पुसायला आणखी एक माणूस लागतो. सरांच्या माणसाचा पासपोर्ट संपला व्हता. माझा तयार व्हता, कारण माझा ल्योक मस्कतला कामाला हाय अन् "बाबा या, बाबा या" करून त्यानं तो काढायला लावला व्हता. मी काय गेलो न्हवतो. नागसेन म्हणला, "वस्ताद, तुमी नुस्ती बादली धरा. बाकी सर बघतील." आता वस्तादानं बादली धरायची म्हंजे बघा. पण पोराला मी जवळ पायजे व्हतो, ते त्याच्या तोंडावर दिसत व्हतं. गेलो.

निघताना भिमाबाई स्टँडवर आली, दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी बांधून. म्हणली, "वस्ताद, जसं नेताय तसं आणा."

"बाई, ते लढाय चाललंय, लग्नाला न्हाय," म्या म्हणलं.

"म्हणूनच म्हणते," ती म्हणली अन् गाडी सुटंस्तवर तिथंच उभी राहिली.

बारांको दिसायला बुटका, रुंद, मान कुठं सुरू होती अन् खांदा कुठं, ते कळायचं न्हाय. पण माणूस अदबीचा. लढतीआधी आमच्या कोपऱ्याकडं बघून मान लववली. म्या बी लववली.

पहिल्या चार फेऱ्या आमच्या पोरानं अशा काढल्या की काय सांगू. लांब डावा हात पुढं ठेवून त्या गड्याला जवळच येऊ दिला न्हाय. मी बादली इसरून वरडत व्हतो, सर मला खाली बसवत व्हते. पाचवीत बारांको आत घुसला. बरगडीखाली असा ठोसा बसला की त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग तोंडावर, मग परत बरगडीत. फेरी संपली तवा नागसेनचा डावा डोळा बंद झाला व्हता.

मधल्या मिनिटात सर त्याच्या कानाशी लागले, "तीनच राहिल्या. नुस्ता उभा रहा." नागसेननं मान हलवली. म्या त्याच्या तोंडाला बाटली लावली. पाणी तोंडाच्या एका बाजूनं खाली गळायला लागलं, छातीवर आलं, अन् त्याला ते कळलंच न्हाय. सर डोळा बघत व्हते, पंच घड्याळ बघत व्हता. पाणी मी पाजत व्हतो, म्हणून ते म्याच बघितलं.

"सर, थांबवा," म्या म्हणलं.

"वस्ताद, ह्या तीन फेऱ्यांवर त्याचं सगळं आयुष्य हाय," सर म्हणले. वाईट माणूस न्हवं तो. त्याला खरंच तसं वाटत व्हतं.

सहावी फेरी सुरू झाली. मार खाता खाता एका घडीला नागसेननं वळून कोपरा शोधला, अन् बघितलं ते समोरच्यांच्या कोपऱ्याकडं. आपला कोपरा कुठला तेच त्याला कळंना. पण पडंना बी. पडला असता तर पंचानं दहा मोजून लढत थांबवली असती. हे पोरगं माझ्या तालमीतलं, त्याला पडायचं न्हाय हे म्याच शिकवलेलं.

आमच्याकडं खंडोबाच्या जत्रंत कुस्तीच्या फडावर एक रीत हाय. जोड लई येळ झुंजली, न्हाईतर एखादा गडी सांधा निखळला तरी हट्टानं सोडंना, तर वस्ताद फडात पाय टाकतो. वस्ताद आत आला की कुस्ती थांबली. हलगी बी थांबती. वस्ताद दोघांची मनगटं धरून हात वर करतो अन् म्हणतो, बरोबरी. कुणी हारलं न्हाय, पोटभर खेळलात, आता घरी जावा. चाळीस वर्षांत ह्यावर कुणी हुज्जत घातलेली म्या बघितली न्हाय.

बॉक्सिंगमधी लढत थांबवाय टॉवेल फेकत्यात, हे मला आज ठावं हाय. तवा मला जे येत व्हतं ते म्या केलं. तीन लोखंडी पायऱ्या चढलो, दोरीखालनं वाकून आत शिरलो, खांद्यावरचा पंचा बी तसाच. पंच वरडाय लागला. म्या दोघांच्या मधी जाऊन एका हातानं बारांकोचं मनगट धरलं, एका हातानं नागसेनचं, अन् दोन्ही वर केलं. "बरोबरी," म्या म्हणलं. मराठीतच. मला वाटलं, झालं, मिटलं.

सगळा हॉल हसला, मग शिट्ट्या. पंचानं नागसेनला बाद ठरवलं. ह्या सगळ्या गोंधळात बारांकोनं हात काढून घेतला न्हाय, हे मी कधी इसरणार न्हाय. त्याला एक हिसका पुरला असता. तो नुस्ता माझ्या तोंडाकडं बघत राहिला, घरातल्या थोरल्या माणसाकडं बघावं तसा. अन् नागसेनचं गुडघं गेलं तवा माझ्याआधी त्यानंच बगलंत हात घालून त्याला खाली बसवला.

दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, डोक्यात जराशी सूज हाय, दोन दिवस ठेवू. दोन दिवसांनी पोरगं ठीक झालं. अजून दोन फेऱ्या झाल्या असत्या तर काय झालं असतं, हे कुणी सांगितलं न्हाय. कोण सांगणार? घरी येणाऱ्या विमानात नागसेन एकदाच बोलला. "मी उभा व्हतो, वस्ताद. उभ्या माणसाला तुमी पाडलं." त्याच्यानंतर सहा वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला न्हाय.

त्या लढतीचा व्हिडिओ गावोगाव फिरला. जत्रंतला म्हातारा, असं त्याला नाव पडलं. नागसेनला परत कुणी बोलावलं न्हाय. ज्याच्या कोपऱ्यातनं म्हातारी माणसं वर चढत्यात त्याला कोण बोलावणार? तो मुरुमला आडत दुकानात कामाला लागला. सोयाबीन, तूर, हरभरा, दिवसभर पोती. आईला भेटाय अणदूरला यायचा, पण तालमीकडची गल्ली टाळून जायचा. एकदा रस्त्यात समोरासमोर आलो तर मान खाली घालून गेला. म्या बी हाक मारली न्हाय. कुठल्या तोंडानं मारायची?

भिमाबाईचं मात्र वेगळं. दुबईहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तालमीच्या दारात आली. "जय भीम, वस्ताद. काल पोरगं माझ्या हातचं जेवलं. ते बोलत न्हाय म्हणून मी बोलते. तुमचं लई उपकार झालं." तवापासनं दर चौदा एप्रिलला तिच्याकडनं खिरीचा डबा येतो. मी खातो, डबा धुऊन परत धाडतो. पण ती आई. तिला पोरगं पायजे व्हतं, ते मिळालं. पोराला जे पायजे व्हतं ते म्या हिसकून घेतलं का काय, हा किडा माझं डोकं पोखरायचा. म्या त्याला वाचवला का बुडवला? सहा वर्षं मला हेच एक कोडं व्हतं.

त्या कोड्यापायीच मी बारांकोच्या मागं लागलो. त्यांची शनिवारची रात्र म्हंजे आपली रविवारची सकाळ. पोरांची मेहनत झाली की मी तालमीच्या पायरीवर बसायचो अन् माझी सून अर्पिता चहा अन् मोबाईल घेऊन यायची. ती गावच्या दवाखान्यात नर्स हाय. पहिल्यांदा माझा स्वार्थच व्हता, खोटं कशाला बोलू. हा गडी जितका मोठा होईल, तितकं आमच्या पोरानं त्याच्यासमोर काढलेल्या पाच फेऱ्यांना वजन येईल. तो कुणाकडनं हारला असता तर लोक म्हणले असते, नागसेन कुणा सोम्यागोम्याकडनं मार खाऊन आला.

पण लळा लागला. तो खाली पडून परत उठला की मी मांडीवर थाप मारायचो. हळूहळू पायरीवर गर्दी जमायला लागली. चहावाला महालिंगप्पा हाटेल पोरीवर सोपवून यायचा. दळणाला निघालेल्या बाया वाटंत थांबून इचारायच्या, "वस्ताद, आपला मेक्सिकोवाला कसा हाय?" त्यानं अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला त्या दिवशी महालिंगप्पानं खंडोबाला नारळ फोडला अन् गावात पेढे वाटले. अर्पिता म्हणली, "मामा, तिकडं कळलं तर ते म्हणतील, अणदूर हा आमचा कुठला जिल्हा?" दीड वर्षानं पट्टा गेला, तवा महालिंगप्पा म्हणला, "वस्ताद, तुमी तिथं असता तर बरोबरीत सोडवली असती." सगळे हसले, मी बी हसलो. इतक्या वर्षांनी त्या गोष्टीवर मला पहिल्यांदा हसू आलं.

गेल्या वर्षी त्याची सदतिसावी लढत झाली. समोर एक कोवळा गडी, बावीस-तेवीसचा. नववी फेरी संपली. त्या पोराच्या कोपऱ्यात एकानं त्याला पाणी पाजलं, अन् ते पाणी तोंडाच्या एका बाजूनं गळालं.

"अर्पिता, थांबवाय सांग त्यांना," म्या म्हणलं. मोबाईलला. येड्यासारखा.

"मामा, ते आपलं कसं ऐकतील?" ती म्हणली, पण तिचा बी आवाज बदलला व्हता. तिला बी दिसलं व्हतं.

दहाव्या फेरीला ते पोरगं उभं राहिलं. कुणी आत गेलं न्हाय. अकराव्या फेरीत पडलं. अर्पितानं मोबाईल बंद केला. चार-पाच दिवसांनी बातमी आली की जीव वाचला, पण माणसं वळखत न्हाय, चालत न्हाय. तिकडं त्याची बी आई असंलच की.

लोक म्हणले, वस्ताद, तुमचं खरं ठरलं. मला लई राग आला. म्हणलं, दुसऱ्याच्या लेकरावर माझं खरं कशाला ठरवता? उठा हितनं.

बारांको त्याच्यानंतर एकदाच लढला. हात वर धरायचा, पण मारायचाच न्हाय. हरला अन् खेळ सोडला. ह्या साली मार्गशीर्षात त्याची एक मुलाखत आली. घराच्या अंगणात खुर्ची टाकून बसलाय, मागं कोंबड्या फिरत्यात. खाली इंग्रजीत अक्षरं येत व्हती, अर्पिता वाचून सांगत व्हती. त्याला इचारलं, तुमच्या कारकिर्दीतली कुठली लढत ध्यानात राहिली?

अर्पितानं वाचलं, "सगळ्यांना वाटतं मी पट्टा जिंकला ती. पण मला दुबईतला एक म्हातारा आठवतो. खांद्यावर कापड होतं त्याच्या. सगळे हसले, मी हसलो नाही. त्या पोराला मी आणखी मारणार होतो, मला तेच शिकवलं होतं. म्हाताऱ्यानं माझा हात धरला म्हणून मारलं नाही." मग त्यानं पायाशी आलेली कोंबडी हुसकली अन् पुढं म्हणला, "मागच्या वर्षी माझा हात कुणी धरला नाही. त्या म्हाताऱ्याचे आभार मानायचे राहून गेले. मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही."

मी रडलो. लपवून काय करायचं, सुनंसमोर ढसाढसा रडलो. मला वाटत आलं व्हतं की त्या दिवशी म्या एका पोराचा हात धरला. दोघांचा धरला व्हता, हे मला त्या परक्या मुलखातल्या गड्यानं सांगितलं. देव त्याला सुखात ठेवो.

अर्पितानं डोळं पुसलं अन् म्हणली, "मामा, हे नागसेन भावजींना पाठवते."

"न्हाय," म्या म्हणलं.

"का न्हाय? सहा वर्षं झुरताय की."

"पडलेल्या गड्याच्या छातीवर बसून माझंच बरोबर म्हणायचं नसतं. त्याचं जे गेलं ते काय ह्यानं परत येणार हाय? ठेव तो मोबाईल."

तिनं ठेवला. मुलाखत पाठवली बी न्हाय, त्याची मला खात्री हाय.

पुढच्या रविवारी सकाळी मी एकटाच तालमीत हौद्यातली माती खणत व्हतो. दारात कुणीतरी चपला काढल्या. वर बघितलं तर नागसेन. अंगानं भरला व्हता, डाव्या भुवईवर वण तसाच. तो आत आला, मातीला हात लावून कपाळाला लावला.

"वस्ताद," म्हणला.

सहा वर्षांनी ऐकलं ते. म्या फावडं बाजूला टाकलं.

"त्याची मुलाखत बघितली," तो म्हणला.

"तुला कुणी धाडली?"

"कुणी न्हाय. मी त्याच्या सगळ्या लढती बघतो. मुरुमला, दुकान उघडायच्या आधी." मग म्हणला, "तुमाला वाटत असंल, तुमी माझी कारकीर्द बुडवली म्हणून मी बोलत न्हवतो."

"बुडवलीच की."

"तसं न्हवतं ते." त्याला बोलाय जड जात व्हतं. मातीत पायाचा अंगठा घालून उभा राहिला, ल्हानपणी चुकल्यावर राहायचा तसा. "त्या टायमाला मला काय दिसत न्हवतं. पण मनगट धरलं तवा कळलं, हे वस्ताद हायत. अन् मला बरं वाटलं. सगळा हॉल हसत व्हता अन् माझ्या मनात एकच, सुटलो. मी भ्यालो व्हतो वस्ताद. पाचव्या फेरीपासनं भ्यालो व्हतो. तुमी आला अन् सुटलो, असं वाटलं. पैलवानाला असं वाटावं? त्या बरं वाटण्याची मला इतकी लाज वाटली की तुमचं तोंड बघवंना. मग राग धरला. राग धरणं सोपं व्हतं." तो माझ्या पायाला हात लावाय वाकला. "त्याचं जे राहून गेलं म्हणला ना, ते माझं बी राहिलंय."

म्या त्याला वाकू दिला न्हाय, दंड धरून उभा केला. "येड्या," म्या म्हणलं, "मी सहा वर्षं झोपंत बी तुझी माफी मागतोय. मी काय लई शहाणा म्हणून आत आलतो व्हय? मी बी भ्यालो व्हतो. त्या तीन पायऱ्या चढताना वाटत व्हतं, चुकलो तर पोराचा जन्म गेला."

"ते ठावं हाय मला," नागसेन म्हणला.

"कसं काय?"

"तुमचा हात कापत व्हता. त्याच्यावरनंच तर वळखलं की हे तुमी. ल्हानपणी माझा खांदा निखळला अन् तुमी बसवला, तवा बी असाच कापत व्हता."

चाळीस वर्षं मला वाटत आलं व्हतं की पोरांना ते कळत न्हाय.